कवडशावरून आवाज: फोटोफोनची मांडणी कशी करावी

फोटोफोन म्हणजे उजेडावरून आवाज पोचवणारं यंत्र. आत्म्याविषयीची कलामांडणी म्हणून तो असा मांडता येतो: एका खोलीत कुणी पाइपाला तोंड लावून आलाप घेतो, दुसऱ्या खोलीत हेडफोन लावलेल्याला तो ऐकू येतो. मधे वायर नाही, ब्लूटूथ नाही, दारातून गेलेला एक कवडसा तेवढा आहे. पाहणाऱ्याने त्यात हात घातला की आवाज तुटतो. देह एकीकडे, आवाज दुसरीकडे, आणि मधला धागा कुणीही तोडावा असा. आत्म्याविषयी जे म्हणायचं ते एवढ्यात येतं. शेजारी तत्त्वज्ञानाचा फलक लावू नका.

युक्ती जुनी आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि चार्ल्स सम्नर टेंटर यांनी १८८० मध्ये वॉशिंग्टनमध्ये सूर्यप्रकाशावरून २१३ मीटर अंतरावर बोलणं पोचवलं. त्यांच्याकडे सेलेनियम होतं (उजेड पडला की वीज अधिक वाहू देणारा पदार्थ), आपल्याकडे सोलर सेल आहे.

लागणारं सामान: ७५ मिमी व्यासाचा पीव्हीसी पाइप (१० सेंमी तुकडा), प्लास्टिकचा चंदेरी गिफ्ट पेपर, झूम होणारा एलईडी टॉर्च, साधारण २ सेंमी चौरस सुटा सोलर सेल, एलएम३८६ या अ‍ॅम्प्लिफायर चिपचं तयार मॉड्यूल (गेन, म्हणजे संकेताची वाढ, २०० पट), ९ व्होल्टची बॅटरी, १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १०० ओहमचे दोन रेझिस्टर, हेडफोन.

पाइपाच्या एका तोंडावर चंदेरी कागद ताणून रबरबँडने आवळा, मग कडेने टेप फिरवा. सगळं यश या ताणावर आहे. कागदात आपला चेहरा वेडावाकडा न होता दिसला पाहिजे. एक सुरकुती राहिली तरी कवडसा फाटतो. पण तबल्यासारखा कडक ताणलात तर आवाजाने तो हलणारच नाही. पाइपाच्या बाजूला ५ मिमीचं एक भोक पाडा, नाहीतर ओठ टेकताच कोंडलेल्या हवेने कागद फुगतो.

टॉर्चचा झोत कागदावर तिरका पाडा आणि परतलेला कवडसा किमान ३ मीटरवरच्या सेलवर न्या. आवाजाने कागद आत-बाहेर होतो, कवडसा क्षणात आवळतो, क्षणात पसरतो, म्हणून सेलवरचा उजेड कमीजास्त होतो. यासाठीच कवडसा सेलपेक्षा मोठा हवा. अख्खा कवडसा सेलवर मावला तर एकूण उजेड तेवढाच राहतो आणि काहीच ऐकू येत नाही. इथे बहुतेकजण अडकतात आणि उगाच अ‍ॅम्प्लिफायर बदलत बसतात.

सेलच्या दोन टोकांवर १०० ओहमचा रेझिस्टर जोडा. तिथून कपॅसिटरमार्फत मॉड्यूलच्या इनपुटला जा. दुसरा १०० ओहम हेडफोनच्या वाटेत घाला, कानांवर फार मोठा आवाज आदळू नये म्हणून. खेळण्यातलं ६ व्होल्टचं पॅनेल नको: त्यात बारीक सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि एकावर सावली आली की सगळे अडतात. वायरिंग तपासायला टीव्हीचा रिमोट सेलसमोर दाबा; टरटर ऐकू आली पाहिजे.

सतत घूं असा आवाज आला तर खोलीतला ट्यूब किंवा बल्ब बंद करा. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. बारीक शिट्टी आली तर टॉर्च ‘मंद’वर आहे; बहुतेक टॉर्च उजेड वेगाने चालू-बंद करून मंद होतात, म्हणून पूर्ण प्रखर ठेवा. पंखाही बंद.

ऊन मिळालं तर टॉर्चपेक्षा सरस, घूं नाही की शिट्टी नाही. मात्र सेलवरचा रेझिस्टर २.२ ओहमचा लावा, नाहीतर भर उन्हात सेलचा व्होल्टेज वर टेकून राहतो आणि आवाज दबतो. कवडशात डोळा आणू नका. सूर्य ४ मिनिटांत सुमारे १ अंश सरकतो. ५ मीटरवर कवडसा जवळपास ९ सेंमी हलतो, तेव्हा पाइप सारखा नीट करायला एक माणूस बसवा.

गाणाऱ्याला शब्द देऊ नका. कागद स, श, च पोचवत नाही, ‘प’ला मात्र धप्प करतो. लांब ‘आ’ किंवा ओवीतला ‘गं’ नीट उतरतो.