चार्जिंगची पिन ढिली वाटतेय? जॅक बदलण्याआधी या चुका टाळा

कापसाची वेचणी सुरू झाली की खान्देशात मोबाईल दुरुस्तीच्या टेबलावर एकच तक्रार वाढते. "भाऊ, मोबाईल चार्जच व्हत नही, पिन ढिली व्हई गई." यातल्या बऱ्याच फोनचा जॅक, म्हणजे चार्जरची पिन जिथे घालतो ते फोनचं भोक, धडधाकट असतो. आत साचलेला असतो तो कापूस.

वेचणीच्या वेळी फोन खिशात नाहीतर ओटीत असतो. दिवसभर बारीक तंतू जॅकमध्ये शिरतात आणि रात्री चार्जर लावला की तेच तंतू पिनेने तळाशी दाबले जातात. रोज असं होत गेलं की टाइप-सी जॅकच्या मधल्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना करड्या नमद्यासारखा घट्ट थर बसतो. पिन पूर्ण आत जात नाही, बसल्याचा 'टक' आवाज येत नाही आणि फोन जरा हलला की चार्जिंग तुटतं. जिनिंगमध्ये (कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात) काम करणाऱ्यांचं, धुळीच्या रस्त्याने रोज गाडीवर फिरणाऱ्यांचं तेच होतं. म्हणून आधी दुसऱ्या फोनचा टॉर्च मारून जॅकमध्ये नीट बघा. काळा चकचकीत तळ दिसण्याऐवजी मळकट, केसाळ काही दिसलं तर दुखणं तिथेच आहे.

आता सगळ्यात मोठी चूक: सेफ्टी पिन, सुई किंवा सिम काढायची पिन आत घालून कोरणं. ती मधली पट्टी अगदी नाजूक असते, तिच्यावर दोन्ही बाजूंना बारा-बारापर्यंत संपर्क, म्हणजे धातूचे बारीक पट्टे, असतात. लोखंडी टोकाने एक जरी वाकला, तर साफसफाईचं काम दुरुस्तीचं होऊन बसतं. फोन बंद करा. लाकडी टूथपिकचं टोक ब्लेडने चपटं करा, ते जॅकच्या बाहेरच्या भिंतीला लावून आत न्या आणि तळाचा थर हलकेच बाहेर ओढा. मधल्या पट्टीला धक्का लावू नका. घाई केली नाही तर तंतूंचा एक लहानसा गोळाच बाहेर येतो, आणि मग पिन टक्कन बसते.

तोंडाने फुंकूही नका, श्वासाबरोबर ओल आत जाते. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर तर नकोच. त्या हवेत पाण्याचे कण असतात आणि तिच्या जोरावर कचरा आणखी आत घुसतो.

जॅक साफ आहे, तरी पिन हलते? मग वायर बदलून बघा. टाइप-सीमध्ये झिजणाऱ्या स्प्रिंगा मुद्दाम वायरच्या पिनेत ठेवल्या आहेत, म्हणजे वापराने आधी वायर जावी, फोन नाही. तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी वायर, मग अडॅप्टर, मग भिंतीवरचं सॉकेट. तीच वायर आणि तोच अडॅप्टर दुसऱ्या फोनवर नीट चालत असेल, तरच जॅकवर संशय घ्या. सगळं एकदम बदललं तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

चार्जिंग होतं पण फारच हळू, यातही बहुधा वायर दोषी असते. स्वस्त वायरीत तांबं कमी, त्यामुळे फोनपर्यंत विजेचा पुरेसा दाब पोहोचत नाही. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली साधी वायर ३ अँपिअरपर्यंतच चालते, ५ अँपिअरसाठी पिनेत चिप असलेली वायर लागते. अडॅप्टर घेताना त्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघून घ्या.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेवढ्या उष्णतेत लिथियम बॅटरी चार्ज करणं तिच्या तब्येतीला बरं नाही, म्हणून फोन स्वतःच चार्जिंग कमी करतो किंवा थांबवतो. तो बिघाड नव्हे. फोन सावलीत, पंख्याखाली निवू द्या. फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं.

केळीच्या बागेत पाणी देताना किंवा पावसात फोन भिजला आणि स्क्रीनवर थेंबाचं चिन्ह आलं, तर चार्जर लावूच नका. ओल्या संपर्कांतून वीज गेली की ते गंजतात, हिरवट-काळे पडतात. जॅक खाली करून तळहातावर हलकेच आपटा आणि हवेशीर जागी वाळू द्या. तांदळाच्या डब्यात फोन पुरण्याचा उपाय सोडून द्या, त्याचं पीठ आणि कण जॅकमध्ये जातात.

आणि हे मी अगदी हात जोडून सांगतो. भाव वाढेल म्हणून आपल्याकडे कापूस घरातच साठवतात, कधी कधी बैठकीची खोली छताला टेकेपर्यंत भरते. स्विचबोर्ड त्या ढिगाच्या मागे जातो, फोन कापसावरच चार्जिंगला पडलेला असतो आणि वायरची मान सोलून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली असते. आतल्या तारा एकमेकींना टेकल्या की ठिणगी उडू शकते, आणि कापूस पेटायला तेवढं पुरे. बोर्डाभोवतीची जागा मोकळी ठेवा. फोन फरशीवर किंवा ओट्यावर चार्ज करा, गोधडीखाली किंवा उशीखाली नको. मान सोललेली वायर त्याच दिवशी टाकून द्या. लाईट वारंवार ये-जा करत असेल तर चार्जर काढून ठेवा आणि पुरवठा स्थिरावल्यावरच लावा.

पिन हाताला चटका देत असेल, जळका वास येत असेल किंवा संपर्क काळे पडले असतील, तर पुन्हा लावून बघू नका, थेट दुरुस्तीला न्या. बऱ्याच फोनमध्ये जॅक एका छोट्या वेगळ्या बोर्डावर असतो आणि तेवढाच बदलता येतो. म्हणून फोन हातातून सोडण्याआधी विचारा: फक्त चार्जिंग बोर्ड बदलायचा आहे, की मुख्य बोर्डाला हात लावावा लागणार आहे?