वेगाचे ई-चलान की धोकादायक वाहन चालवण्याचा गुन्हा? आधी कलम पाहा

मुंबई–आग्रा महामार्गावर किंवा सिन्नरजवळ समृद्धी महामार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याचा संदेश मोबाइलवर आला, की बहुतेक जण आधी दंडाची रक्कम पाहतात. खरे तर आधी पाहायला हवे ते कलम.

मोटार वाहन कायद्याचे कलम १८३ केवळ अतिवेगासाठी आहे. त्यात हलक्या वाहनाला १,००० ते २,००० आणि मध्यम किंवा अवजड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंडाची तरतूद आहे. चलानावरील छायाचित्र उघडून वाहन क्रमांक, ठिकाण, वेळ आणि नोंदलेला वेग तपासावा. गाडी आपली नसेल, तर पैसे भरण्याआधीच हरकत नोंदवावी.

कलम १८४ मात्र धोकादायक वाहन चालवण्याचे आहे. सिग्नल तोडणे किंवा उलट दिशेने गाडी हाकणे हेही, त्यातून इतरांना धोका होत असेल, तर त्यातच मोडते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. तीन वर्षांच्या आत पुन्हा तसाच गुन्हा घडल्यास कैद दोन वर्षांपर्यंत जाते. गाडी चालवताना हातात मोबाइल धरल्याचा प्रकार वगळता हा गुन्हा जागेवर तडजोड शुल्क भरून मिटत नाही, त्यामुळे 'साहेबांशी बोलून मिटवतो' म्हणणाऱ्यापासून दूर राहावे आणि समन्स आल्यावर वकिलासह न्यायालयात हजर व्हावे.

पोलिसांनी परवाना जप्त केल्यास पोचपावती घ्यावी. परवाना नाशिकच्या पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे (आरटीओ) गेला, तर तो पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी निलंबित आणि पुढच्या वेळी रद्द होऊ शकतो. पण त्याआधी तुमचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक आहे आणि आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते.

अपघात झाला, तर प्रकरण भारतीय न्याय संहितेखाली जाते. फिर्यादीत 'हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात' हे शब्द हमखास असतात आणि न्यायालयात तेच पुराव्याने सिद्ध करावे लागतात. कोणाला गंभीर दुखापत झाल्यास तीन वर्षांपर्यंत, तर मृत्यू झाल्यास कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मृताच्या नातेवाइकांशी पैशांची बोलणी केल्याने हा खटला मिटत नाही. अशा वेळी पळून जाऊ नये: जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे स्वतंत्रपणे चालतो, म्हणून अपघाताची माहिती विमा कंपनीला लगेच लेखी द्यावी आणि पुढे न्यायाधिकरणाची नोटीस आल्यास तिची प्रतही कंपनीकडे पाठवावी.