'चूक तुमचीच' म्हणून क्लेम अडवला तर

गाडीच्या क्लेमवर 'चूक तुमचीच' असा शेरा मारून कंपनी हात वर करते, तेव्हा आधी एक विचारायचं: पॉलिसीच्या कुठल्या अटीखाली? आपल्या गाडीचं नुकसान पॉलिसीच्या 'ओन डॅमेज' भागात येतं आणि तिथे नुसती चालवणाऱ्याची चूक हे क्लेम नाकारायला कारण होत नाही. दारू पिऊन चालवणं, वैध लायसन्स नसणं, ही खरी कारणं. समोरच्याला भरपाई द्यायची वेळ आली तर दोष कुणाचा, हे मोटार अपघात न्यायाधिकरण ठरवतं, नुकसान तपासायला आलेला सर्व्हेयर नव्हे.

म्हणून नकार लेखी घ्या, सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा. निपाणी-चिक्कोडीकडे स्पॉट पंचनामा कन्नडमध्ये असतो; सही करण्याआधी जाणकाराकडून वाचून घ्या. गाडी कुठल्या बाजूला होती, धक्का मागून की समोरून, एवढ्या दोन ओळींवर पुढचा सगळा वाद फिरतो. फोटोत रस्त्याची पांढरी रेघ आणि टायर दोन्ही दिसू द्या, नुसता चेपलेला बंपर काय कामाचा?

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, लेखीच. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निर्णय देणारे अधिकारी. फी नाही, वकील नको, भरपाईची मर्यादा 50 लाख रुपये. पॉलिसी कोल्हापुरात काढली असली तरी राहता पत्ता बेळगाव जिल्ह्यातला असेल तर बेंगळुरूच्या लोकपालांकडे जाता येतं. मात्र ग्राहक आयोगात आधीच केस घातली असेल, तर लोकपाल ती तक्रार घेत नाहीत.