शेराचा चीक डोळ्यात गेला तेव्हा

निपाणीकडच्या आजोळी बांधावर शेराचं कुंपण असायचं. "चीक डोळ्याला लागला तर आंधळा होशील," असं आजी ओरडायची. तोच शेर मी शहापुरातल्या गच्चीवर पेन्सिल कॅक्टस म्हणून पैसे मोजून आणला. खरं तर तो कॅक्टस नव्हेच, युफोर्बिया या चिकाच्या झाडांच्या गटातला आहे.

पावसाळ्याआधी फांद्या छाटल्या. घाम आला म्हणून मनगटाने डोळा पुसला. पाच मिनिटांत तिखट घातल्यासारखी आग! बायको म्हणाली, "चोळू नका, नळाखाली या." उघड्या डोळ्यावर वीस मिनिटं पाण्याची बारीक धार सोडली. हात आधी साबणाने धुतले, हे नशीब. चीक चिकट, नुसत्या पाण्याने निघत नाही. आग थांबली तरी तासाभराने सगळं धूसर दिसायला लागलं, म्हणून तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. बुबुळाच्या पडद्याला सूज आली होती. थेंब दिले, आठवड्यात निवळलं. घरात पडलेले जुने थेंब मी घालणार होतो, ते बायकोने हिसकावून घेतले.

शेर टाकला नाही. मुलांचा हात पोचणार नाही अशा कोपऱ्यात ठेवलाय. छाटताना रबरी हातमोजे आणि पोराचा प्रयोगशाळेचा चष्मा घालतो, शेजारी हसतात. कात्रीही लगेच धुतो.

पानफुटीची कुंडी मात्र शेजारच्या वासराच्या टप्प्यातून उचलली. तिच्यातलं विष जनावराच्या हृदयावर जातं. कोरफड, तीही कुत्र्याला चघळू देत नाही.