बाळाचा श्वास आणि बिलाचे आकडे : माझा अनुभव

मुलगी वेळेआधी झाली. वजन जेमतेम 1.1 किलो. फुप्फुसं उघडी ठेवणारं सर्फॅक्टंट गर्भात साधारण 34-35 आठवड्यांच्या सुमारास पुरेसं तयार होतं, हिला ते बाहेरून द्यावं लागलं. आधी व्हेंटिलेटर, मग सीपॅप, म्हणजे नाकावाटे हवेचा सौम्य दाब देणारं यंत्र. उपचारांबद्दल तक्रार नाही, पण बिल बघून पोटात गोळा यायचा.

मग मी एकरकमी आकडा घेणं बंद केलं आणि रोजचं तपशीलवार बिल मागायला लागलो. काउंटरवरचा माणूस वैतागला. वैतागू दे! बिलात सर्फॅक्टंटच्या 3 मिलीच्या दोन कुप्या होत्या. आमच्या औषधाचा पहिला डोस किलोमागे 2.5 मिली, म्हणजे हिला 2.75 मिली. एका कुपीत भागतं. नर्सिंग चार्टवरही एकच कुपी होती. सिस्टरनी चार्ट पुढे केला, रक्कम वजा झाली. सीपॅपवर आल्यानंतरही व्हेंटिलेटरचं भाडं चालूच होतं, तेही निघालं.

उरलेल्यासाठी डॉक्टरांकडून खर्चाच्या अंदाजाचं पत्र घेतलं आणि हॉस्पिटलच्या समाजसेविकेला गाठलं. मदतनिधीचे अर्ज, कागदपत्रं, कुठे काय जोडायचं हे त्यांना तोंडपाठ असतं. डिस्चार्जच्या आधीच गाठा, नंतर धावपळ होते.

घरच्या ऑक्सिजनसाठी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं, विजेवर चालणारं यंत्र) विकत न घेता भाड्याने आणला. बाळाला मिनिटाला एका लिटरच्याही आतला प्रवाह लागतो, म्हणून लो-फ्लो मीटर वेगळा मागून घेतला. वीज गेली तर हाताशी छोटा सिलिंडर आहेच.