मस्टँग, कॅमारो की चॅलेंजर: सेकंडहँड घेताना तुलना कशी करायची

अमेरिकेत राहताय आणि व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनची गाडी घ्यायचं एकदा डोक्यात बसलं की फिरून फिरून माणूस फोर्ड मस्टँग, शेव्हरोले कॅमारो आणि डॉज चॅलेंजर या तिघींपाशीच येतो. कॅमारो आणि चॅलेंजर दोन्ही डिसेंबर २०२३ मध्ये बनायच्या बंद झाल्या, त्यामुळे त्या आता बहुतेक सेकंडहँडच बघाव्या लागतात, आणि म्हणूनच नीट तुलना करून घ्या.

सगळ्यात आधी पायरी, म्हणजे मॉडेलची पातळी, जुळवा. लोक चॅलेंजरची ७०७ हॉर्सपॉवरची हेलकॅट साध्या मस्टँग जीटीसमोर उभी करतात आणि मग जीटी मागे पडली म्हणून सांगतात, अहो हेलकॅटशी लढायला कॅमारोची ६५० हॉर्सपॉवरची झेडएल१ आहे ना. आपल्या कामाचं त्रिकूट म्हणजे मस्टँग जीटी (२०१८ ते २०२१, ४६० हॉर्सपॉवर; २०२२ आणि २०२३ ला ४५०), कॅमारो एसएस (४५५) आणि चॅलेंजर स्कॅट पॅक (४८५). आकडे बघताना वर्ष आणि देश दोन्ही तपासा. भारतात २०१६ ला जी मस्टँग आली तिची पॉवर ४०० च्या आसपास होती आणि तेव्हा अमेरिकेतली जीटी होती ४३५ ची, म्हणजे पुण्यातला भाऊ भारतातल्या साइटवरचा आकडा पाठवेल तो इथे लावू नका.

आता वजन, आणि खरी गंमत इथेच आहे. मस्टँग आणि कॅमारो साधारण १७०० किलोच्या, चॅलेंजर १९०० च्या वर. वजनाला हॉर्सपॉवरने भागा: पहिल्या दोघींत एका हॉर्सपॉवरवर साधारण ३.७ किलो येतात, स्कॅट पॅकमध्ये जवळपास ४. म्हणजे कागदावर सगळ्यात ताकदवान असलेली गाडी इथे मागे राहते! टोयोटा सुप्राचं ३ लिटरवालं मॉडेल (२०२१ पासूनचं) फक्त ३८२ हॉर्सपॉवरचं आहे पण वजन १५५० किलोच्या आत, त्यामुळे तीही ४ च्याच आसपास येते, फक्त तिच्यात सीट दोनच.

मग टॉर्क, म्हणजे इंजिनचा ओढण्याचा जोर, बघा. कॅमारोचं ६.२ लिटरचं आणि चॅलेंजरचं ६.४ लिटरचं इंजिन कमी आरपीएमपासूनच जोरात ओढतं, मस्टँगचं ५ लिटरचं मात्र ७५०० आरपीएमपर्यंत फिरवत नेलं की खुलतं. दोन्हीची मजा वेगळी आहे, टेस्ट ड्राइव्हला सिग्नलपासून निघताना पण बघा आणि हायवेला चढताना तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण खेचून पण बघा.

मासिकांतले टेस्टचे आकडे वाचताना एक लक्षात ठेवा. अमेरिकन ० ते ६० म्हणजे ताशी ६० मैल, किलोमीटरमध्ये साधारण ९७, आणि त्यात बऱ्याचदा गाडी पहिला एक फूट सरकल्यावर घड्याळ सुरू करतात. युरोपातल्या ० ते १०० शी थेट लावलं की फसलात. टायर कुठले होते तेही बघा, समर टायरवरची गाडी आणि ऑल सीझनवरची गाडी यांची टेस्ट एकमेकींसमोर ठेवण्यात अर्थ नाही. क्वार्टर माइलमध्ये, म्हणजे पाव मैलाच्या टेस्टमध्ये, सेकंदांपेक्षा शेवटचा स्पीड ताकदीबद्दल जास्त खरं सांगतो, कारण सेकंद टायरच्या पकडीवर आणि सुरुवात कशी मिळाली यावर फार अवलंबून असतात.

वळणांवर मला तिघींत कॅमारो सगळ्यात आवडते, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन फारच सुरेख आहे. पण खिडक्या एवढ्या बारीक की लेन बदलताना मान मोडते आणि डिक्कीचं तोंड छोटं. घरात मुलं असतील तर चॅलेंजरच, मागे माणसं खरोखर बसतात. मस्टँग या दोघींच्या मधली.

आणि पैसे देण्याआधी त्या गाडीचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून इन्शुरन्सचा कोट काढा, तिन्ही गाड्यांचा वेगवेगळा, त्याच दिवशी, कारण किमतीत वाचवलेले पैसे कधीकधी वर्षभरात तिथेच जातात.