अति आणि उणीव यांची पारख कशी करावी

एखादी गोष्ट अति झाली की कमी पडली, हे काय मोजले, कोणासाठी मोजले आणि मर्यादा कोणती धरली, एवढे ठरल्याशिवाय सांगता येत नाही. नागपूरच्या आसपास घरच्या बोअरवेलचे पाणी पिणाऱ्यांनी ही पारख फ्लोराइडपासून सुरू करावी, कारण त्याची उणीव असल्यास दात किडण्याची शक्यता वाढते, आणि ते वर्षानुवर्षे अति प्रमाणात पोटात गेल्यास दातांवर डाग पडतात व पुढे हाडे आणि सांधेही ताठरतात.

प्रयोगशाळेत नमुना देताना फ्लोराइडची चाचणी नाव घेऊन मागावी. टीडीएस मीटर एकूण विरघळलेले क्षार दाखवते, त्यातले फ्लोराइड किती ते सांगत नाही. अहवालातला आकडा भारतीय मानकाशी ताडून पाहावा: लिटरमागे १ मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात.

आकडा तोच राहिला तरी पोटात जाणारी मात्रा बदलते, याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. १.२ मिलिग्रॅमचे पाणी दिवसाला दोन लिटर पिणाऱ्याच्या पोटात २.४ मिलिग्रॅम फ्लोराइड जाते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला असताना शेतात राबून पाच लिटर पिणाऱ्याच्या पोटात ६ जाते. म्हणून पाणी कमी पिऊ नये, स्रोत बदलावा. ज्यांचे कायमचे दात अजून हिरडीत घडत आहेत अशा लहान मुलांसाठी चांगले पाणी सर्वांत आधी राखून ठेवावे. पाणी उकळून उपयोग नाही, कारण वाफ निघून जाते आणि फ्लोराइड मागे राहून उलट दाट होते. आरओ चालतो, नागपूरच्याच ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना वापरून ते काढतात.

अ‍ॅरिस्टॉटलने आचरणाबाबत असाच विचार मांडला. दहा मापे अन्न फार आणि दोन मापे थोडे, म्हणून सहा मापे सर्वांना योग्य ठरत नाहीत. कसलेल्या मल्लाला ती अपुरी पडतात, नवशिक्याला जड होतात. अहवाल शेजाऱ्यांना सांगतानाही हे भान हवे. घबराट पसरवणे हा अतिरेक आणि विहिरीची बदनामी नको म्हणून गप्प बसणे ही उणीव. आकडा, मर्यादा आणि तपासणीची तारीख लिहून ग्रामपंचायतीला द्यावी, आणि ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांना त्याच दिवशी जाऊन सांगावे.